आमच्या बागेची वेबसाइट करून घेतली, त्याबद्दल

देवगडजवळ आमची हापूसची अडीचशे कलमं. पाच डझनी पेट्या वाशीला पाठवायच्या आणि दलालाच्या पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, वाट बघायची, असं बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षं केलं. गेल्या हंगामापासून काही माल थेट गिऱ्हाइकाला विकायचं ठरलं आणि वेबसाइटचं काम कोल्हापूरच्या एका मुलीला दिलं. ती एकटीच काम करते. 28,000 रुपये घेतले. डोमेन-होस्टिंगचा वर्षाचा खर्च वेगळा.

माझी यादी तयार होती. केशरी पार्श्वभूमी, वर सरकणारी अक्षरं, आपोआप बदलणारे पाच फोटो, जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) शिक्का, बाबांचा कोटातला फोटो. तिची आधीची कामं याच्या अगदी उलट: पांढरी, मोकळी, बारीक अक्षरांची. पहिला नमुनाही तसाच आला. पांढऱ्या पानावर एकच आंबा, शेजारी करड्या रंगात चार ओळी. मला देखणा वाटला. बाबांनी चष्मा पुसून बघितला नि म्हणाले, "गो, ह्यात आमची बाग खंय आसा?"

हे मी तिला जसंच्या तसं कळवलं. ती रुसली नाही, आणि माझी यादी निमूट उतरवूनही घेतली नाही. एकेक गोष्ट घेऊन विचारत गेली, "ताई, हे कशासाठी हवंय?" बदलणारे फोटो कशासाठी? तर कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने खपतो, आणि गिऱ्हाईक पुरावा मागतं. मग ती म्हणाली, फोटो पळवून उपयोग नाही, ते थांबून बघता आले पाहिजेत. मोहोर, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) काढणी, आंबे पिकायला घातलेली पेंढ्यातली आढी, पेटी भरणं, असे एकाखाली एक लावले, प्रत्येकाखाली तारीख. सरकणारी अक्षरं मला दरासाठी हवी होती, कारण दर आठवड्याला बदलतो. तिथे स्थिर पिवळी ओळ आली. तिच्यातला दर मी फोनवरून बदलते. केशरी रंग फक्त ऑर्डरच्या बटणाला. जीआयचं मानांकन 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला मिळालं, पण प्रत्येक बागायतदाराला आपली नोंदणी वेगळी करावी लागते. आमचं प्रमाणपत्र बघितल्यावरच तिने शिक्का लावला. हे मला फार आवडलं.

करड्या अक्षरांवर मात्र ती अडून बसली. तो तिच्या हातचा रंग होता, तिच्या सगळ्या कामांत दिसतो. शेवटी मी भर दुपारी बागेत उभी राहून फोनचा व्हिडिओ काढून पाठवला. उन्हात एक ओळ वाचता येत नव्हती. तिने मोजून बघितलं. पांढऱ्यावर त्या करड्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पान यांच्या उजळपणातला फरक, 2.85 भरला, नेहमीच्या मजकुराला निदान 4.5 लागतो. त्याच संध्याकाळी अक्षरं गडद तपकिरी झाली.

मी न मागितलेली एक गोष्टही तिने केली. नमुन्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत होते. फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये लिहिलं नाही तर ती येत नाहीत, असं तिने सांगितलं आणि दुरुस्त केलं. आता 'लाकडी पेटी'तला ल आम्ही शाळेत गिरवला तसा दिसतो.

तक्रारी दोन. 15 फेब्रुवारीचा शब्द होता, साइट 9 मार्चला सुरू झाली. तोवर आमची पहिली काढणी होऊन गेली होती. आणि ऑर्डर मिळाल्याचा ईमेल अजून इंग्रजीतच जातो, दोनदा सांगूनही. म्हणून पाचपैकी चार.

पहिल्या हंगामात साइटवरून 61 पेट्या गेल्या. बाकी माल अजून वाशीलाच जातो. जसं सांगू तसंच आणि लगेच करून देणारं माणूस हवं असेल, तर तिच्याकडे जाऊ नका, दोघांनाही त्रास होईल. मी यंदाची देखभाल तिलाच दिली आहे.

बाबांचा आढीत वाकून आंबा हुंगतानाचा फोटो तिने पहिल्या पानावर लावला. कोटातला फोटोही हवाच, असा त्यांचा आग्रह आहे. तो 'आमच्याविषयी'च्या पानावर, खाली, लावायला ती परवा तयार झाली.