व्यसनप्रतिबंधाचा कार्यक्रम निवडताना: पैसे किती, तास किती?

शाळेत व्यसनप्रतिबंधाचा कार्यक्रम घ्यायचं ठरलं की बैठकीत पहिला प्रश्न पैशांचा निघतो. माझ्या मते महाग पडतात ते तास. वेळापत्रकातून तीस तासिका मोकळ्या करायच्या म्हणजे कुणाचा तरी पोर्शन मागे पडणार. म्हणून प्रत्येक पर्यायाबद्दल दोनच गोष्टी आधी विचाराव्यात: तास किती जाणार आणि वर्गासमोर कोण उभं राहणार?

सगळ्यात स्वस्त पडतं ते व्याख्यान. सभागृहात सगळी शाळा, पडद्यावर काळवंडलेलं फुफ्फुस, व्यसनातून सुटलेल्या माणसाची कहाणी आणि शेवटी सामूहिक शपथ. एका दुपारीत सगळं उरकतं, अहवालाला फोटोही मिळतो. पण संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये प्रतिबंधाची जी आंतरराष्ट्रीय मानकं काढली, त्यांत भीती घालणं आणि माजी व्यसनींची कथनं या दोन्ही गोष्टी निष्फळ ठरणाऱ्या कार्यक्रमांची लक्षणं म्हणून नोंदल्या आहेत. कारण शेवटच्या बाकावर बसून ऐकलं की कळतं. मंचावरचा माणूस धडधाकट उभा असतो, सगळे त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात, आणि मुलगा मनात म्हणतो, ‘हाही सुटलाच की!’

‘आमचा एक दिवसाचा नाही, चांगला सतरा धड्यांचा कार्यक्रम आहे,’ असं कुणी म्हणालं तरी लगेच हुरळून जाऊ नये. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली सुरू झालेला ‘डेअर’ तसाच होता. गणवेशातला पोलिस वर्गात येऊन शिकवायचा. पालक खूश, शिक्षक खूश, पोलिसही खूश. अमेरिकाभर तो पसरला. दहा वर्षांनी त्याच मुलांना गाठून पाहिलं, तर कार्यक्रम घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक सापडला नाही. २००३ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही हेच सांगितलं. २००९ मध्ये डेअरने आपला अभ्यासक्रमच बदलला.

कौशल्यांवर आधारलेल्या कार्यक्रमांची गोष्ट वेगळी. गिल्बर्ट बोटविन यांचं ‘लाइफ स्किल्स ट्रेनिंग’ पहिल्या वर्षी १५, दुसऱ्या वर्षी १० आणि तिसऱ्या वर्षी ५ तासिका मागतं. न्यूयॉर्क राज्यातल्या ५६ शाळांचा सहा वर्षांचा पाठपुरावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू, दारू आणि गांजा तिन्हींचा वापर कमी आढळला, आणि जिथे धडे गाळले नव्हते तिथे हा फरक जास्त ठळक होता.

अशा वर्गात नेमकं काय चालतं? एक प्रकार पाहा. शिक्षक चिठ्ठ्या वाटतात. नाव लिहायचं नाही. एका बाजूला ‘आपल्या वर्गातली किती मुलं सिगारेट ओढत असतील’ याचा अंदाज आणि दुसऱ्या बाजूला ‘मी ओढतो की नाही’. मग फळ्यावर दोन आकडे येतात. अंदाजाचा आकडा बहुतेक वेळा खऱ्याच्या कितीतरी वर असतो. ‘सगळेच करतात’ हा समज मुलांनी स्वतःच मोजून खोडलेला असतो. शिक्षकाला वेगळं भाषण द्यावं लागत नाही. पुढच्या तासाला जोड्या पाडून नकार द्यायचा सराव. पहिल्यांदा सगळे हसतात, तिसऱ्या खेपेला आवाज स्थिर होतो.

हिशेबाचं म्हणाल, तर रँड या संशोधन संस्थेने २००२ मध्ये काढलेला अंदाज बोलका आहे: दर विद्यार्थ्यामागे सुमारे १५० डॉलर खर्च आणि समाजाला सुमारे ८४० डॉलरचा फायदा. मात्र त्या फायद्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग तंबाखू आणि दारू कमी झाल्याचा. म्हणजे व्यवस्थापनाला ‘ड्रग्जमुक्त शाळा’ असं आश्वासन देऊ नये. काही मुलं पहिली सिगारेट उशिरा ओढतील, काही ओढणारच नाहीत, एवढंच सांगावं.

आणि ‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. युरोपात तयार झालेला ‘अनप्लग्ड’ हा शालेय कार्यक्रम ब्राझीलमध्ये बदल करून राबवला, तेव्हा दारूची सुरुवात करणाऱ्या मुलांचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं.

अचानक लघवी तपासण्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या ३६ शाळांच्या २०१० च्या अभ्यासात तपासणी लागू असलेल्या १६ टक्के, तर तुलनेच्या गटातल्या २२ टक्के मुलांनी अलीकडच्या वापराची कबुली दिली. तपासणी लागू नसलेल्या मुलांवर परिणाम शून्य, पुढे घ्यायचा इरादाही बदललेला नाही. वर खाजगीपणाचा प्रश्न आणि विश्वासाला तडा. माझ्या यादीत हा पर्याय तळाशी.

प्राथमिक शाळा असेल तर ‘गुड बिहेविअर गेम’ जरूर पाहा. वर्गाचे संघ करायचे आणि शिस्त पाळणाऱ्या संघाला छोटं बक्षीस. अमली पदार्थांचं नावही निघत नाही, आणि नेहमीच्या तासातच तो खेळता येत असल्याने वेगळी तासिका लागत नाही. बाल्टिमोरमध्ये ऐंशीच्या दशकात पहिलीत तो खेळलेल्या, विशेषतः आक्रमक मुलग्यांमध्ये, विशीच्या आसपास व्यसनाचे विकार कमी आढळले. अडचण एकच: फळ दिसेपर्यंत आजच्या समितीतलं कुणीच खुर्चीत नसतं.

हातात एकच दिवस असेल, तर तो सभागृहात घालवण्यापेक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणाला द्यावा. तीस तास मिळत असतील तर ते तीन वर्षांत विभागून, अकरा-बाराव्या वर्षापासून घ्यावेत. नंतर घेतले तर वरातीमागून घोडं. कार्यक्रम विकायला येणाऱ्याकडे दोन वर्षांनंतरचे, तुलनेच्या गटासह आकडे मागावेत. त्याने ‘कार्यक्रम आवडला का’ असं विचारलेले अर्ज पुढे केले, तर चहा पाजून परत पाठवावं. तसे अर्ज डेअरकडेही गठ्ठ्यांनी होते.