किटच्या फटी भरायचं सामान: ट्यूब, बाटली, सुपरग्लू आणि ओला इअरबड

दोन इंजिनांच्या विमानाचं १/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) प्लास्टिकचं मॉडेल किट नुकतंच संपवलं. उजवा पंख असा बसला की मध्ये केस घालायला जागा नाही, आणि डावीकडे एवढी फट की ब्लेडचं पातं आरामात आत जाऊन हलतंय. साचा जुना होता, त्यामुळे पोटाखालचा सांधा, इंजिनाची कव्हरं, शेपटी, सगळीकडे काही ना काही भरायचंच होतं. म्हणून म्हटलं खणात जेवढं सामान पडलंय तेवढं सगळं याच एका किटवर वापरून बघू आणि मग लिहू. तर हा रिव्ह्यू एका ट्यूबचा नाही, अख्ख्या खणाचा आहे.

आधी एक सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. सगळे विचारतात "फट भरायला बेस्ट पुटी कोणती" (पुटी म्हणजे फटी बुजवायचा लगदा), मीपण बरीच वर्षं तेच विचारत होतो. खरं बघायचं असतं ते हे की भरल्यावर तिथे घासायला जागा आहे का. पोटाखालचा लांब सांधा असेल तर पॉलिश पेपर मस्त फिरतो, तिथे काहीही चालतं. पण पंख जिथे धडाला चिकटतो त्या कोपऱ्यात, आजूबाजूला बारीक रिव्हेट आणि पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघा) असताना, पेपर फिरवला की फट राहते बाजूला आणि सगळं डिटेल साफ होतं. त्यामुळे मी सामानाचे दोनच गट करतो, घासून काढायचं आणि पुसून काढायचं.

पुसून काढायच्यातली माझी सगळ्यात आवडती म्हणजे वालेहो कंपनीची प्लास्टिक पुटी. २० मिलीची ट्यूब, पुढे बारीक नळी, आतमध्ये पांढरी पेस्ट. ॲक्रिलिक रेझिन आणि अगदी बारीक दळलेली संगमरवराची पूड असते त्यात, वास जवळपास नाहीच, आणि हात, टेबल, शर्ट काहीही पाण्याने साफ होतं. डाव्या पंखाच्या फटीवर हीच वापरली. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, मध्ये जेमतेम एक मिलिमीटरची पट्टी उघडी, नळी फटीत टेकवून हळू दाबत ओढत नेली, टूथपिकने आत ढकलली, आणि लगेच ओला इअरबड. ओला म्हणजे ठिबकणारा नाही, पाण्यात बुडवून टिश्यूवर दाबून घेतलेला. आणि तो घासायचा नाही, लोळवायचा. घासलात तर फटीतली पुटी उकरून बाहेर येते आणि परत पहिल्यापासून सुरू, हे मी तीन वेळा केल्यावर शिकलो. लोळवत नेला की वरची जास्तीची पुटी कापसाला चिकटून निघून जाते आणि फटीत नीट बसलेली राहते. टेप काढली, अजून एकदा दुसऱ्या इअरबडने हात फिरवला, झालं. दहा मिनिटं लागली, एकही रिव्हेट गेला नाही. ते बघून खुर्चीतच मागे टेकून बसलो थोडा वेळ.

आता या पाण्याच्या पुट्यांचं दुसरं अंग. पाणी उडून गेलं की थोडी आत बसतेच, त्यामुळे रुंद फट असेल तर दोन हात द्यावे लागतात. आणि ही प्लास्टिकला धरून राहत नाही, नुसती फटीत बसलेली असते. तिच्यावरून पॅनल लाइन परत कोरायला गेलात तर कडा ढासळतात, खडूवर सुई चालवल्यासारखं होतं. पातळ थर घासायला गेलं तरी कडेला टवके निघतात. म्हणजे जिथे नंतर हत्यार चालवायचंय तिथे ही लावूच नका. अजून एक, या सगळ्या नळीवाल्या ट्यूबांचं तोंड सुकून बसतं, काम झालं की नळीत टाचणी खोचून ठेवायची, नाहीतर पुढच्या वेळी दाबता दाबता ट्यूब मागून फुटते (माझी एक फुटलीये, कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही, चूक माझी होती).

याच गटात मिस्टर सर्फेसर ५००, पण थोडं वेगळं प्रकरण. हे जपानी, जीएसआय क्रेओसचं, बाटलीत येतं, जाडसर राखाडी रंगासारखं दिसतं. ५००, १०००, १२००, १५०० असे आकडे असतात, आकडा जितका मोठा तितकं बारीक, पॉलिश पेपरसारखंच समजा. फटी भरायला ५००च घ्यायचं. केसाएवढी रेघ, साच्याच्या खिळ्याने पडलेला उथळ खड्डा, ब्लेडचा ओरखडा, असल्या गोष्टींसाठी याला तोड नाही. जुन्या ब्रशने किंवा टूथपिकने लावायचं, थोडं सुकू द्यायचं, आणि इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पुसायचं. अल्कोहोल प्लास्टिकला काही करत नाही, फक्त वरचं सर्फेसर काढतं. इंजिनाच्या कव्हरांचे गोल सांधे असेच केले, त्या गोलाईवर पेपर फिरवला असता तर नक्की चपटा भाग पडला असता. तोटा म्हणजे खोल फट भरत नाही, एकावर एक थर द्यावे लागतात, आणि हे लॅकरचं असल्यामुळे वास डोक्यात जातो. खिडकी उघडी पाहिजे म्हणजे पाहिजे.

आता घासायचा गट. यात सुरुवात बहुतेक सगळ्यांची ट्यूबमधल्या राखाडी लॅकर पुटीने होते, माझीपण तशीच. रंगारी भिंतीला लांबी भरतात तसंच दिसतं काम, म्हणून आपण हौसेने थापतो. इथेच घोळ होतो. या पुटीत जो सॉल्व्हंट असतो तो प्लास्टिकला थोडं वितळवतो, त्यामुळे पकड छान येते, पातळ थर असेल तर कडापण मस्त घासल्या जातात. पण जाड थापली की वरून साल धरते आणि आत ओलीच राहते, आतला सॉल्व्हंट खालचं पातळ प्लास्टिक मऊ करत बसतो. मागे एका विमानाच्या पंखावर खोल खड्डा एकाच दमात भरला, दुसऱ्या दिवशी घासलं, गुळगुळीत, प्रायमर (रंगाआधीचा थर), रंग, डेकल (वर चिकटवायची चिन्हं), वार्निश सगळं आटपलं, फोटोपण काढले. दोन आठवड्यांनी शेल्फवरून उचललं तर तिथेच बशीसारखी खळी. पुटी आतून सुकत सुकत आटली होती. त्यात पुटीची काही चूक नाही, घाई माझी. पातळ थर, प्रत्येक थराला एक अख्खा दिवस, एवढं पाळणार असाल तर घ्या. मी पाळत नाही म्हणून माझी ट्यूब खणाच्या मागच्या बाजूला गेलीये.

तिची जागा घेतली सुपरग्लूने. पोटाखालच्या लांब सांध्यासाठी मला याच्याहून चांगलं काही मिळालेलं नाही. जाडसर प्रकारातला घ्यायचा, टूथपिकने थेंब थेंब सांध्यावर ठेवत जायचा, आणि ॲक्सिलरेटरचा (ग्लू पटकन जमवणाऱ्या द्रवाचा) हलका फवारा. जास्त मारला तर ग्लू गरम होतो आणि आत बुडबुडे धरतो, ते घासताना टाचणीच्या भोकांसारखे उघडे पडतात. आटत नाही म्हणण्याइतपत कमी आटतो, आणि वरून पॅनल लाइन कोरली तर कडा धरून राहते, पुटीत हे सुख नाही. फक्त एक अट आहे, आणि ती अट मोडली की वाट लागते. लावल्यावर तासाभराच्या आत घासायचा. रात्री लावून झोपलात की सकाळी तो आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कडक झालेला असतो, मग पेपर काय करतो तर कडक गोष्ट सोडून मऊ गोष्ट खातो, आणि सांधा सपाट व्हायच्या ऐवजी मधोमध उंचवटा आणि दोन्ही बाजूंना नाल्या. माझ्या पहिल्या रणगाड्याच्या बॅरलवर अजून आहे असा कणा, बोट फिरवलं की कळतो. यावेळी मात्र अर्ध्या तासात ४०० नंबरच्या पेपरने सुरुवात केली, पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, पाणी लावत, मग ६००, मग १०००. थोडी टाल्कम पावडर मिसळली तर घासायला अजून मऊ पडतो, पावडर मिसळल्यावर पटकन जमायला लागतो म्हणून थोडा थोडाच कालवायचा.

इपॉक्सी पुटीबद्दल थोडक्यात, कारण या किटवर एकाच जागी लागली. मिलिपुटच्या दोन कांड्या येतात, सारखा सारखा तुकडा घ्यायचा, रंग एकजीव होईपर्यंत मळायचा, मग तीनचार तासांत कडक. मऊ असताना पाण्याच्या बोटाने गुळगुळीत करता येते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. सुपरफाइन व्हाइट घ्या, साधीवाली किंचित दाणेदार लागते. शेपटीखालची मोठी पोकळी भरून तिथेच आकार दिला, कुठलीही ट्यूबमधली पुटी ते करू शकली नसती. मळताना हातमोजे घाला, इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू येते आणि आली की जात नाही. बारीक फटीसाठी मात्र ही बाहेरच काढू नका, तुकडा मळेपर्यंत दुसऱ्या पद्धतीने काम संपलेलं असतं.

आणि आता ज्या गोष्टीला पुटी म्हणतच नाहीत ती. पातळ सिमेंट (मॉडेल जोडायचा गोंद), म्हणजे टामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन वगैरे. हे प्लास्टिक वितळवूनच जोडतं. दोन अर्धे भाग एकत्र धरायचे, ब्रश सांध्याला टेकवला की ते आपोआप आत ओढलं जातं, काही सेकंद थांबायचं आणि मग दाबायचं. दाबलं की वितळलेलं प्लास्टिक मण्यांच्या रेघेसारखं बाहेर येतं. ती रेघ पुसायची नाही! हात शिवशिवतात, पण नाही. एकदोन दिवस तशीच ठेवून मग ब्लेडने खरवडायची, खाली फटच नसते कारण फटीत किटचंच प्लास्टिक भरलंय. धडाचा वरचा सांधा मी असाच केला आणि तिथे पुटी, सर्फेसर, काही म्हणजे काही लागलं नाही. स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचे) कापलेले तुकडे याच सिमेंटच्या अर्ध्या बाटलीत विरघळवून घट्ट रस करून ठेवणारेही बरेच आहेत. रंग तोच, कडकपणा तोच, पण सुकायला चांगला आठवडा देतात आणि सुकताना आटतो, म्हणून थोडा वर उचलूनच भरायचा. मी केला, चालला, पण वाट बघायला लागते याचा कंटाळा आला.

डाव्या पंखाची ती फटसुद्धा सगळी पुटीने भरलेली नाही, हे मघाशी सांगायचं राहिलं. मागच्या टोकाला ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा रुंद होती, तिथे आधी ०.२५ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटच्या दोन पट्ट्या कापून सरकवल्या, पातळ सिमेंट सोडलं, सुकल्यावर वरचं कापून टाकलं. उरलेल्या बारीक चिरेवरच पाण्याची पुटी आली. त्यामुळे ती आटलीच नाही, आटायला पुटी होतीच किती. एव्हरग्रीनच्या असल्या शीटचं एक पाकीट वर्षानुवर्षं पुरतं आणि माझ्या मते या खणातली सगळ्यात कमी कौतुक झालेली वस्तू हीच. ड्राय फिट करताना (गोंदाशिवाय जोडून बघताना), सिमेंट उघडायच्याही आधी, पट्टी घालून बघायची, कधीकधी फटीचं कारण वेगळंच निघतं. इथे उजवीकडे आतल्या बाजूला प्लास्टिकचा एक बारीक कोंब राहिला होता, तो छाटल्यावर डावीकडची फट निम्मी झाली. म्हणजे मी जी फट भरायला निघालो होतो त्यातली अर्धी मीच केलेली.

तपासणी प्रायमरनेच. नुसत्या डोळ्यांनी राखाडी प्लास्टिकवर पांढरी पुटी बघून काही कळत नाही, सगळं ठिगळ ठिगळ दिसतं. नखाने आडवी रेघ ओढा, अडकलं तर रंगाखालीही दिसणार. चंदेरी रंग येणार असेल तर दुप्पट काळजी, तो काहीच लपवत नाही. प्रायमरनंतर माझ्या पोटाच्या सांध्यात दोन टाचणीची भोकं निघाली (फवारा जास्त झालाच होता), ती सर्फेसरच्या एकेका टिपक्याने बुजवली.

पुसायचं काम जास्त असेल तर वालेहो आणि सर्फेसर ५००, घासायचं असेल तर सुपरग्लू, आणि शीटचं पाकीट दोन्हीकडे. नवीन असाल तर पहिल्यांदा पाण्याची पुटीच घ्या, चुकलं तर धुवून टाकता येतं. कॉकपिटच्या काचेजवळ मात्र सुपरग्लू नको, त्याची वाफ काचेवर पांढरी धुरकट बसते. तिथे मी फेव्हिकॉलसारखा साधा पांढरा गोंद फिरवला, ओल्या ब्रशने कड ओढून घेतली, सुकल्यावर पारदर्शक झाला आणि ती एक फट या अख्ख्या किटमध्ये पहिल्याच झटक्यात जमली.