ब्रेक पाइप उघडा आहे, ऑइल कसं थांबवायचं?

गेल्या जूनमध्ये नागपुरात मानेवाड्याला मामांच्या वॅगनआरचा मागचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) गळायला लागला. रविवारची सकाळ होती आणि काम तासाभराचं होतं. जुना सिलिंडर काढून हातात घेतला तेव्हा कळलं की आणलेला नवा त्या मापाचा नाही. दुकान सोमवारी उघडणार होतं. मी पाइपाच्या तोंडाला चिंधी गुंडाळली, वरून चिकटपट्टी लावली आणि हात धुतले. सोमवारी सकाळी पट्टी सुटून लोंबत होती, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतला त्या बाजूचा कप्पा कोरडा पडला होता आणि खाली काढून ठेवलेल्या रिमचा रंग फुगून आला होता. ब्रेक ऑइल गोंदही सोडवतं आणि रंगही.

तेव्हापासून घरी ब्रेकचं काम निघालं की मी आधी स्वतःला दोन गोष्टी विचारतो: पाइप किती वेळ उघडा राहणार आहे, आणि जो होज (चाकाकडे जाणारी लवचिक रबरी नळी) समोर आहे तो पुन्हा वापरायचा आहे की फेकायचा? कोणता उपाय घ्यायचा, ते या दोन उत्तरांवरच ठरतं.

पंधरा-वीस मिनिटांचं काम असेल तर पेडल अडवून ठेवणं मला सगळ्यात आवडतं. पेडल साधारण दोन-तीन सेंटिमीटर दाबलं की मास्टर सिलिंडरमधले (पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर) सील डबीकडून येणाऱ्या बारीक छिद्राच्या पुढे सरकतात. मग डबीतल्या ऑइलला खाली यायला वाटच उरत नाही. सीट आणि पेडल यांच्यामध्ये एक काठी अडकवली की झालं. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आधी त्या चाकाचं निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करायचं, त्याला नळी लावून बाटलीत सोडायची, मग पेडल हळूच दाबून काठी बसवायची आणि त्यानंतरच पाइपाचा नट खोलायचा. नट आधी खोलून पेडल दाबलं तर ऑइलची पिचकारी थेट अंगावर येते. डोळ्यांना चष्मा हवाच. दुसरी गोष्ट, पेडल दाबलेलं असलं की मागचे ब्रेक लाइट पेटलेले राहतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. आणि जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत कधीच दाबू नका, कारण सिलिंडरच्या ज्या भागात सील रोज पोचत नाही तिथे गंज असतो आणि तोच सील फाडतो.

पण काठीने फक्त गळती थांबते. पाइपाचं तोंड उघडंच राहतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास असतो आणि दुपारी गरम हवेबरोबर धूळ सुटते. जुलैत त्याउलट, हवाच ओली. डॉट 3 आणि डॉट 4 ही ब्रेक ऑइलच्या दोन्ही नेहमीच्या प्रतींची ऑइलं हवेतलं पाणी ओढून घेतात. डॉट 3 चा उत्कलनबिंदू ताज्या ऑइलचा किमान 205 अंश सेल्सिअस असायला हवा, पाणी शिरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. म्हणून काम रात्रभर लांबणार असेल तर तोंड बंद करावंच लागतं.

त्यासाठी रबरी टोपीच्या जवळपास दुसरं काही येत नाही. निपलवर बसते तीच छोटी टोपी पाइपाच्या पसरट टोकावर घट्ट बसते. ती ब्रेकच्याच सामानातली असावी, कारण ब्रेकचं रबर ईपीडीएम नावाच्या जातीचं असतं आणि ते या ऑइलमध्ये टिकतं. पेट्रोलच्या नळीचं किंवा हातमोज्याचं नायट्रिल रबर यात फुगतं, सैल पडतं. टोपी बसवायच्या आधी पाइपाचं टोक बिनधाग्याच्या कापडाने पुसा, नाहीतर जी माती बाहेर ठेवायची तीच आत कोंडली जाईल. बँजो जोड (पाइपाच्या टोकाला गोल डोळा आणि त्यातून जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर त्याच्या डोळ्यातून बोल्ट घालून दोन्ही बाजूंना रबरी वॉशर आणि नट लावून आवळा. जोडताना तांब्याचे वॉशर नवेच घ्या, जुने दाबलेले असतात.

होज चिमटणं हा मिस्त्री लोकांचा लाडका उपाय. पक्कड किंवा ग्रिप प्लायर लावला की गळती थांबते, यात शंका नाही. पण दातांच्या जबड्याने होजचं आतलं अस्तर फाटू शकतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आतली फाटकी पापडी झडपेसारखी काम करते: दाब चाकापर्यंत जातो, परत येत नाही, आणि गाडी एका बाजूला ओढायला लागते. गोल गुळगुळीत जबड्याचा खास होज क्लॅम्प मिळतो, तोसुद्धा मी फेकायच्याच होजवर लावतो. ठेवायच्या होजला हात लावत नाही.

डबीच्या झाकणाखाली पातळ प्लास्टिक दाबून बसवण्याची युक्तीही चालते. हवा आत जात नाही म्हणून ऑइल उतरत नाही. पण झाकण नीट बसलं नाही की थेंब थेंब चालूच राहतं. हाताशी दुसरा माणूस नसेल, काठीही नसेल, तेव्हा हे करा. एमसील, टेफ्लॉन टेप, लाकडी खुंटी यांपैकी काहीच नको. त्याचा कण सुटला तर तो सरळ सिलिंडरमध्ये जातो.

एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मी दोन्ही उपाय एकत्र वापरतो, आधी काठी आणि लगेच टोपी. तिथे एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत ती स्कॅनर लावल्याशिवाय पूर्ण निघत नाही, आणि घरच्या कामातली सगळी बचत तिथेच संपते.

ऑगस्टमध्ये मामांच्याच गाडीचं दुसरं मागचं चाक उघडलं. या वेळी सिलिंडर आधी मोजून आणला होता, तरी टोपी खिशात होती. मामा सीटवर बसले, मी खालून म्हटलं, "मामा, हळू दाबा, थोडंच." काठी बसली. टोपी लावली तोवर तीन-चार थेंब पडले असतील. नवा सिलिंडर बसला, हवा काढली, पेडल दुसऱ्याच दाबात कडक झालं.