डिटा ओपन टूलकिट ४.२: आठ महिन्यांचा वापर आणि 'शेतकऱ्यांसाठी' हा एक शब्द

शिरोली एमआयडीसीतल्या एका पंप कारखान्यात मी माहितीपुस्तिका लिहितो. तीन, पाच आणि साडेसात एचपी. मराठी, हिंदी, इंग्रजी. त्या डिटामध्ये, म्हणजे मजकूर छोट्या-छोट्या एक्सएमएल फाइलींत लिहायच्या पद्धतीत, लिहितो आणि डिटा ओपन टूलकिट हे सॉफ्टवेअर त्यांची पीडीएफ काढतं. आठ महिन्यांपूर्वी टूलकिट ३.७ वरून ४.२ वर नेलं आणि पहिल्याच दिवशी काम ठप्प.

त्रुटीचा भलामोठा मजकूर, त्यात कामाचे आकडे दोनच: ६१.० आणि ५२.०. जावा म्हणजे ज्यावर हे टूलकिट चालतं ती प्रणाली; ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. चौथ्या आवृत्तीपासून टूलकिटला जावा १७ लागतं. आमच्या मशीनवर जावा ८, कारण अकाउंट्सची डिजिटल सही त्याच मशीनवर जुन्या जावावर चालते आणि तिला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. त्या दिवशी मी खरंच वैतागलो. उपाय अर्ध्या तासाचा निघाला. जावा १७ ची झिप वेगळ्या फोल्डरात उघडली, पीडीएफ काढणाऱ्या बॅच फाइलीत जावा होमचा, म्हणजे कोणतं जावा वापरायचं त्याचा, पत्ता तेवढ्यापुरता बदलला. सहीला धक्का लागला नाही.

मग कळलं की पीडीएफची मांडणी ठरवणारं आमचं जुनं प्लगइन (टूलकिटला जोडायचा भाग) नव्या आवृत्तीवर चालत नाही. ते एका सल्लागाराकडून पैसे मोजून करून घेतलं होतं. दुरुस्तीसाठी त्यांनी जवळपास तेवढीच रक्कम पुन्हा सांगितली. मालकांसमोर तो आकडा ठेवायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून ४.० पासून सोबत येणारी थीमची सोय उघडून बघितली, आणि इथे माझं मत बदललं. कागदाचा आकार, समास, रंग, हेडर-फूटर हे सगळं एका यॅमल फाइलीत, म्हणजे साध्या ओळींच्या सेटिंग फाइलीत, लिहायचं. एक्सएसएलटी या किचकट कोडिंगच्या वाटेला जावं लागलं नाही. माझी फाइल चाळीसेक ओळींची आहे. एकदा स्पेसच्या जागी टॅब पडला आणि फाइल वाचलीच गेली नाही, पण ती चूक माझी. पंपाच्या खोक्यात मावणारी ए-५ पुस्तिका आता मी स्वतः बसवतो, एक पैसा न देता.

आता त्या शब्दाकडे येतो. मराठी पीडीएफ पहिल्यांदा काढली तेव्हा पानभर नुसते ####. अक्षर फॉन्टमध्ये सापडलं नाही की एफओपी, म्हणजे टूलकिटमधला पीडीएफ बनवणारा भाग, तिथे # छापतं. देवनागरी फॉन्ट नेमून दिल्यावर मजकूर आला. सगळं छान दिसत होतं. छपाईच्या आदल्या दिवशी मालकांचे वडील, अण्णा, यांनी प्रूफ हातात घेतलं आणि मुखपृष्ठावरच थांबले. "हा र डोक्यावर कुणी चढवला?" छापलं होतं 'शेतकर्यांसाठी'.

या एका रफारापायी माझे चार दिवस गेले आणि त्याचं मला अजिबात दुःख नाही. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत फरक आहे, आणि ज्याच्यासाठी पुस्तिका लिहिली त्याचंच नाव चुकवून छापणं मला सहन होत नाही. कारण सापडलं ते असं: काही फाइलींत 'र', हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा जोडक आणि 'य', काहींत 'ऱ', हलन्त आणि 'य'. ब्राउझरमध्ये दोन्ही सारखेच दिसायचे. आमच्या पीडीएफमध्ये पहिल्या प्रकाराचा रफार व्हायचा. नव्या आवृत्तीला दोष देणार होतो, पण ३.७ ने काढलेली जुनी पुस्तिका चाळली तर तिथेही 'पायर्या'. इतकी वर्षं कुणी बोललंच नव्हतं. सगळ्या मराठी फाइलींत शोधून 'ऱ' केला. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तो शिफ्ट दाबून जे. आता पीडीएफ काढण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट जुना जोडक सापडला तर थांबवते.

डिटाचा मूळ फायदा होता तसाच आहे. मोटर उघडण्याआधी स्टार्टर बंद करा ही सूचना एकाच फाइलीत, बाकी सगळीकडे तिचा संदर्भ. एचपीनुसार वेगळे भाग गाळणीने निघतात. अपाचे परवाना असल्यानं फुकट, त्यामुळे दरवर्षी नूतनीकरणाची मागणी घेऊन केबिनमध्ये जावं लागत नाही. वेग जाणवण्याइतका बदलला नाही.

तक्रार एकच उरली. 'नोट', 'टेबल', 'फिगर' असे शब्द टूलकिट स्वतः घालतं. सोबत आलेल्या भाषांत मला मराठी सापडली नाही. शब्दांची फाइल मीच लिहिली: टीप, तक्ता, आकृती. डेंजरला 'धोका' आणि वॉर्निंगला 'इशारा' सहज बसले. कॉशनला मी 'सावधान' लिहिलं होतं. अण्णा म्हणाले, ते कवायतीत म्हणतात, 'जपून' लिही. तेच लिहिलंय.