स्टीम, एपिक की गॉग? दुकानांच्या चढाओढीत गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडतं

दुकानं वाढली की भाव उतरतात, हा बाजाराचा साधा हिशेब पीसी गेमच्या बाबतीत अर्धाच खरा ठरतो. कारण इथे किंमत ठरवतो तो प्रकाशक, म्हणजे गेम बाजारात आणणारी कंपनी. दुकानाच्या हातात असतं फक्त कमिशन. त्यामुळे स्टीम आणि एपिक ही पीसी गेमची ऑनलाइन दुकानं भांडतात ते मुख्यतः प्रकाशकाला आपल्याकडे ओढण्यासाठी. आपल्या वाट्याला येतो तो फायदा आडवाटेने येतो.

डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने १२ टक्के कमिशनवर दुकान थाटलं. स्टीम ३० टक्के घ्यायचं. एपिक येण्याच्या तोंडावरच स्टीमने सवलत जाहीर केली: एखाद्या गेमची कमाई १ कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या रकमेवर २५ टक्के, ५ कोटींच्या वर २०. लहान स्टुडिओ ३० वरच राहिले. आता प्रकाशकाचे वाचलेले पैसे आपल्यापर्यंत पोचले का? 'मेट्रो एक्झोडस' एपिकवर गेला तेव्हा अमेरिकेत ६० ऐवजी ५० डॉलरला मिळाला, पण फक्त अमेरिकेत. 'बॉर्डरलँड्स ३' पीसीवर सहा महिने एकट्या एपिककडे होता आणि किंमत होती तीच, ६० डॉलर. बाकीचं कुठे गेलं ते सांगायला नको.

मे २०१९ चा किस्सा तर मासलेवाईक आहे. एपिकने सेलमध्ये १५ डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग गेमवर स्वतःच्या खिशातून १० डॉलर सूट दिली. प्रकाशकाचा एक पैसा कापला जाणार नव्हता. तरी काहींनी आपले गेम सेलपुरते दुकानातून काढून घेतले, कारण अजून बाजारात न आलेला गेम आधीच स्वस्तात दिसायला लागला की पुढे पूर्ण किंमत मागणं जड जातं. दुकानदार भाव पाडायला तयार, पण माल ज्याचा तोच नाही म्हणतोय! दुकानांच्या स्पर्धेची मर्यादा इथे उघडी पडते.

फुकट गेम हा मात्र रोकडा फायदा. मे २०२० मध्ये 'जीटीए ५' एपिकने फुकट वाटला. एपिकच्या ॲपलविरुद्धच्या खटल्यात बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार, पहिल्या नऊ महिन्यांत ३८ गेम वाटायला त्यांनी सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर मोजले. त्याच दुकानात डिसेंबर २०२१ पर्यंत शॉपिंग कार्ट नव्हतं. सेलमध्ये पाच गेम घ्यायचे तर पाच वेळा पैसे भरा. गिऱ्हाईक आणायला पैसा ओतला, गिऱ्हाइकाची सोय मागाहून. रिव्ह्यू, मॉड्स (खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेले बदल), विंडोजऐवजी लिनक्सवर गेम चालवणं, घेतलेल्या गेमची लायब्ररी कुटुंबात वाटून घेणं, या सगळ्यात स्टीम आजही बरंच पुढे आहे.

रिफंडचं श्रेय चढाओढीला किती द्यायचं, याबद्दल मी साशंक आहे. ईए या गेम कंपनीने आपल्या ओरिजिन दुकानात २०१३ मध्येच परताव्याची हमी दिली होती. स्टीमची आजची पद्धत जून २०१५ ची. मधल्या काळात, २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने याच मुद्द्यावर स्टीमच्या मालकांना, म्हणजे वॉल्व्हला, कोर्टात खेचलं होतं. आज स्टीम आणि एपिक दोघांचा नियम ढोबळमानाने सारखा: चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. गॉग हे तिसरं दुकान तीस दिवस देतं, गेम खेळून झाला असला तरी.

गॉगचं खरं वेगळेपण मात्र इन्स्टॉलरमध्ये, म्हणजे गेम बसवायच्या फाइलमध्ये, आहे. फाइल उतरवून हार्ड डिस्कवर ठेवली की दुकान बंद पडलं तरी गेम चालतो. स्टीमवर आपण घेतो ते लायसन्स, म्हणजे फक्त वापरायचा परवाना. जुने गेम जपून ठेवायचे असतील तर मी डोळे झाकून गॉगकडे जाईन. नवे मोठे गेम तिथे उशिरा येतात किंवा येतच नाहीत, हे धरून चाला.

भावाची खरी घासाघीस होते ती स्टीम-कीच्या बाजारात. स्टीम-की म्हणजे स्टीमवर टाकला की गेम लायब्ररीत जमा होतो असा कोड. प्रकाशक स्टीमकडून की घेऊन हंबल किंवा फॅनॅटिकलसारख्या अधिकृत विक्रेत्यांकडे विकू शकतो आणि त्या विक्रीवर स्टीम कमिशन घेत नाही. अट इतकीच की स्टीमच्या गिऱ्हाइकालाही तशीच सूट वाजवी काळात मिळावी. म्हणजे लायब्ररी एकच, दुकानं चार. फक्त की कुठून आली हे न सांगणाऱ्या विक्रेत्यांपासून लांब राहा, कारण अशी की नंतर रद्द होऊ शकते.

भारतात बसून घेताना रुपयातली किंमत आधी बघा. तीही प्रकाशकच ठरवतो. स्टीम फक्त दर सुचवतं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते सुचवलेले दरही वाढले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओच्या 'राजी' या गेमला एपिकचं अनुदान मिळालं होतं, तरी तो स्टीमवरही विकला गेला. असा दोन्हीकडे मिळणारा गेम असेल तर सेलच्या दिवशी दोन्ही पानं उघडून ठेवा. भाव सारखा निघाला तर मी स्टीमवर घेतो. एपिकचं खातं काढा, दर गुरुवारी फुकटचा गेम लायब्ररीत टाका, पण एखादा गेम फक्त तिथेच आहे म्हणून पूर्ण किमतीला घाईने घेऊ नका. असे बरेच गेम सहा महिन्यांनी किंवा वर्षाने इतरत्र आले आहेत, आणि तोवर त्यांचे पॅचही, म्हणजे चुका दुरुस्त करणारे अपडेट, आलेले असतात.