डाँग क्वाय: पाकिटातले काप नकोत, अख्खं मूळ घ्या

शेउंग वानमधली को शिंग स्ट्रीट म्हणजे हाँगकाँगचा वनौषधींचा बाजार. तिथल्या एका जुन्या दुकानातून मी डाँग क्वाय घेते, म्हणजे चिनी सुपांत आणि औषधांत वापरलं जाणारं एक सुकं मूळ. दुकानदार आजोबांना इंग्रजी जेमतेम, मला कँटोनीज त्याहून कमी. पण या खरेदीत बोलण्यापेक्षा नाकाचंच काम जास्त.

वनस्पती ओवा-कोथिंबिरीच्या कुळातली. बरणी उघडली की सेलरीसारखा उग्र, गोडसर दर्प येतो. तुकडा चावला तर आधी गोड, मग तिखट-कडवट, आणि जिभेला किंचित बधिरपणा. चीनच्या कान्सू प्रांतातल्या मिन परगण्याचा माल नावाजलेला. आजोबा मागितलं तर मूळ कापून दाखवतात. छेद पिवळसर पांढरा हवा आणि त्यावर तेलाचे तपकिरी ठिपके हवेत. आत हिरवट-तपकिरी किंवा कोरडं लाकूड दिसलं तर सरळ परत करा. पाकिटातले पांढरेफेक काप देखणे असतात खरे, पण आंबूस, घशाला टोचणारा वास आला तर गंधकाची धुरी दिलेली असण्याची शक्यता धरा.

विक्री ताएलवर, म्हणजे साधारण ३८ ग्रॅमच्या मापाने. मुळाचं डोकं, धड आणि शेपट्या वेगळ्या मिळतात. चिनी वैद्यकात धड रक्त वाढवणारं आणि शेपट्या रक्त वाहतं करणाऱ्या मानतात. मला हवं असतं ते सूपसाठी, म्हणून मी डोक्याकडचा जाड भाग घेते.

सूप मटणाचं. चीनच्या प्राचीन हान राजवटीतले वैद्य चांग चोंगचिंग यांच्या नावावर असलेल्या या पाककृतीत डाँग क्वाय तीन भाग, तर आलं पाच भाग. आल्यात हात आखडला की कडवटपणा वर येतो आणि घरातले वाट्या सरकवतात. प्रमाण पाळलं तर थंडीत याच्यासारखं सूप नाही. हे माझं मत, औषधी गुणांचा दाखला नव्हे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे मूळ टाळा, रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. गरोदरपणातही नकोच.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण पुडीवर ना उगमस्थान, ना तारीख. सगळा भरवसा आजोबांच्या शब्दावर. आणि घरी आणल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. तेलकट मूळ आहे, इथल्या मार्च-एप्रिलच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.