लिफ्टचा पंप: किट टाकायचं की नवाच बसवायचा?

मे महिन्यात पलटी नांगर उचलताना ट्रॅक्टरची लिफ्ट दम सोडते. मिस्त्री म्हणतो, "पंप गेला." मृग तोंडावर आलेला असतो, म्हणून मोंढ्यातून नवा पंप येतो आणि बसवल्यावरही लिफ्ट तशीच राहते. त्यामुळे किट (पंपाच्या रबरी सीलांचा संच) की नवा पंप हे ठरवण्याआधी पंपच गेलाय का, हे बघून घ्यावं.

अवजार पूर्ण उचलून इंजिन बंद करा. काही मिनिटांत अवजार खाली बसलं तर दोष बहुधा लिफ्टच्या सिलिंडरच्या ओ-रिंगमध्ये (तेल अडवणारं रबरी कडं) किंवा कंट्रोल वाल्वमध्ये (लिफ्टला तेल सोडणारा-अडवणारा वाल्व) आहे. इंजिन बंद असताना पंप फिरतच नसतो. इंजिन चालू असताना उचललेलं अवजार राहून राहून हिसका देत असेल, तरी कारण हेच: तेल गळून अवजार उतरतं, पंप परत वर घेतो. अवजार जागेवर टिकतं पण चढताना रेंगाळतं, तेव्हा पंपावर संशय घ्यायचा. तोही तेलाची पातळी, ओढीची जाळी (पंप तेल ओढतो त्या बाजूची गाळणी) आणि फिल्टर पाहून झाल्यावर. चोक झालेली जाळी हुबेहूब खराब पंपासारखी वागते.

मोबाइलवर वेळ लावून बघा. सकाळी गार ट्रॅक्टरवर 1500 आरपीएमला अवजार किती सेकंदांत चढतं ते टिपा. दोन तास काम करून तेच अवजार त्याच आरपीएमला परत उचला. गार असताना 3 सेकंद आणि गरम झाल्यावर 6 लागत असतील, तर पंप आतून झिजलेला आहे. तेल तापून पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून मागे पळतं. मराठवाड्यातल्या उन्हात हा फरक लवकर उघडा पडतो. दोन्ही वेळा सारखंच मंद असेल तर जाळी आणि रिलीफ वाल्व (प्रेशर हद्दीबाहेर गेलं की तेल परत सोडणारा) आधी उघडा. रिलीफच्या सीटखाली एखादा कीस अडकला तरी प्रेशर चढत नाही. खात्री हवी असेल तर बाहेरच्या टॅपिंगला (ट्रॉलीसाठी तेल काढायच्या तोंडाला) 250 बारचा ग्लिसरीन गेज लावा. बहुतेक ट्रॅक्टरांत रिलीफ 150 ते 200 बारच्या दरम्यान सेट असतो, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत मिळेल.

पंप कोणत्या जातीचा आहे, यावर पुढचा हिशेब फिरतो. मॅसी फर्ग्युसनसारख्या ट्रॅक्टरांत पिस्टन पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या (मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या) शाफ्टवर चालतो. (तिथे पीटीओचा लिव्हर न्यूट्रलला राहिला की लिफ्ट उचलत नाही. मिस्त्रीला फोन लावण्याआधी एवढं बघा.) हा पंप काढायला लिफ्टचं कव्हर उतरवावं लागतं, म्हणजे सुट्या भागांपेक्षा मजुरी जड. पण त्याचे वाल्व, पिस्टन, ओ-रिंगा सुट्या मिळतात, त्यामुळे तो दुरुस्त करणंच बहुधा परवडतं. कव्हर उतरलंच आहे तर सिलिंडरची ओ-रिंगही बदलून टाका.

बाहेर बसवलेल्या गिअर पंपाचं (यात दोन गिअर फिरून तेल ढकलतात) गणित वेगळं आहे. तो चार-सहा बोल्टांत सुटतो. किट काही शे रुपयांचं आणि नवा पंप काही हजारांचा, म्हणून किटचा मोह होतो. पण किट म्हणजे नुसती रबरं: शाफ्टची ऑइल सील, ओ-रिंगा, बुशांमागची (गिअरांच्या शाफ्टना आधार देणाऱ्या तुकड्यांमागची) सील आणि तिची प्लास्टिक पट्टी. झिजलेलं धातू त्याने भरून येत नाही.

तेव्हा पंप उघडूनच ठरवा. उघडण्याआधी बॉडी आणि कव्हरवर मिळून एक आडवी रेघ ओढा. कोणतं बुश कोणत्या बाजूचं, कोणत्या तोंडाने, तेही खूण करून ठेवा. मग बॉडीच्या आत ओढीच्या बाजूला नख फिरवा. प्रेशर गिअरांना कायम त्या बाजूला ढकलत असतं, त्यामुळे बॉडी तिथेच खाल्ली जाते. गुळगुळीत चमकदार पट्टा दिसला तर घाबरू नका, नवा पंपही सुरुवातीला तेवढी जागा करून घेतो. नख पायरीला अडकलं तर ती बॉडी संपली. बुशांच्या तोंडावर खोल गोल चरे असले किंवा शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडली असली, तरी किटचे पैसे वायाच जातात.

किट कुठे लागू पडतं? बॉडी-बुश चांगली आहेत आणि पंप नुसता गळतोय तिथे. इंजिनवर बसवलेल्या पंपाची शाफ्ट सील गेली तर हायड्रॉलिकचं तेल इंजिनात उतरतं. डिपस्टिकवर इंजिन ऑइल वाढलेलं दिसलं तर काम त्याच दिवशी करा. इथे नवा पंप घेणं म्हणजे उधळपट्टी.

रिकंडिशन पंप हा मधला मार्ग दिसतो खरा. ॲल्युमिनियमची बॉडी खाल्लेली असेल आणि आत फक्त बुशं बदलून रंग मारला असेल, तर गार असताना तो झकास चालेल आणि दुपारी परत बसेल. उघडून दाखवायला तयार असणाऱ्याकडूनच घ्या, नाहीतर नव्याकडे वळा.

नवा घेताना जुना पंप दुकानात सोबत न्या. शाफ्टच्या बाजूने पाहिल्यावर तो कोणत्या दिशेने फिरतो हे जुळलंच पाहिजे. उलट दिशेचा बसवला तर तो तेल ओढत नाही आणि शाफ्ट सील फेकतो. दुसरी गोष्ट सीसी, म्हणजे एका फेऱ्यात पंप किती तेल देतो ते. 11 सीसीचा पंप 2000 आरपीएमला हिशेबाने मिनिटाला 22 लिटर देतो, प्रत्यक्षात थोडं कमी. "मोठाच टाका, लिफ्ट पळेल" हा सल्ला ऐकू नका. वजन उचलण्याची ताकद प्रेशरमधून येते, सीसीमधून वेग येतो. जास्तीचं तेल नुसतं फिरून तापत राहतं.

पंप का झिजला हे शोधलं नाही, तर किट आणि नवा पंप दोन्ही सारखेच लवकर जातात. आपल्याकडे मोठा गुन्हेगार डंपिंग ट्रॉलीचा कपलर (तिचा तेलाचा पाइप ट्रॅक्टरला जोडायचं तोंड) असतो. काळ्या मातीत लोळलेला कपलर न पुसता जोडला की धूळ सरळ तेलात जाते. उसाच्या हंगामात एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरांना लागते, तेव्हा चौघांचं तेलही एकमेकांत मिसळतं. दुसरं कारण ओढीच्या पाइपातून हवा शिरणं. पंप किंचाळतो, तेलाला दुधाळ फेस येतो. तेल बाटलीत भरून ठेवा. अर्ध्या तासात निवळलं तर हवा होती, दुधाळच राहिलं तर पाणी शिरलंय.

बसवताना अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करूनच पाइप सोडा. जाळी डिझेलने धुवा, फिल्टर नवा टाका. जुन्या तेलात चंदेरी कीस दिसत असेल तर सगळं तेल काढा, नाहीतर तोच कीस नव्या पंपात जाईल. पंपात हाताने तेल ओतून शाफ्ट फिरवून घ्या. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. ओढीच्या पाइपाची ओ-रिंग नवीच हवी. पाच मिनिटं आयडलवर चालू द्या, लिफ्ट रिकामी आठ-दहा वेळा वर-खाली करा, तेलाची पातळी परत बघा आणि मगच नांगर जोडा.